परक्या टीमचा पॅच

१ एप्रिलला पहाटे तीन वाजता निघालेल्या बिलावर ३१ मार्च ही तारीख छापली जात होती. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असते आणि आमची लायब्ररी तारीख यूटीसीवरून काढायची. त्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचं प्रत्येक बिल एक दिवस मागे पडायचं. त्या रात्रीची बिलं तर थेट मागच्या आर्थिक वर्षात गेली.

लायब्ररी सांभाळायची जबाबदारी माझी. बिलिंग टीमनं टाकलेलं तिकीट आमच्या बॅकलॉगमध्ये महिनाभर पडून होतं. एकाच इमारतीत दोन मजल्यांचं अंतर, पण आमचा कोड उघडून बघायची त्यांना परवानगीच नव्हती.

त्याच सुमारास आमच्या पुण्यातल्या ऑफिसात इनर सोर्सची चर्चा सुरू झाली. ओपन सोर्सची कामाची रीत कंपनीच्या आत वापरायची, असा त्याचा अर्थ. टिम ओ'रायली यांनी २००० साली हा शब्द वापरला. पुढे पेपॅलमध्ये असताना डॅनीज कूपर यांनी २०१५ मध्ये इनर सोर्स कॉमन्सची सुरुवात केली. लिनक्सला पॅच कुणीही पाठवावा, घ्यायचा की नाही ते मेंटेनर ठरवणार, हे मला केव्हाच पटलं होतं. माझ्या स्वतःच्या कोडच्या बाबतीत मात्र ते सहज पचलं नाही.

रिपॉझिटरी खुली झाली. पहिली पुल रिक्वेस्ट आली ती बिलिंगमधल्या, नोकरीला वर्षही न झालेल्या मुलीची. बदल नेमका होता, पण सोबत टेस्ट नव्हती. मी तशी कमेंट टाकली. तिचं उत्तर आलं, "इथल्या टेस्ट चालवायच्या कशा?"

रीडमीत ते कुठेच नव्हतं! आमच्या तिघांच्या डोक्यात होतं, तेवढंच. दोन संध्याकाळी बसून मी बाहेरच्यांसाठी सूचनांची फाइल लिहिली.

मग प्रश्न आला, रिव्ह्यूचा वेळ कुणाच्या खात्यावर? तीन मीटिंगांनंतर आठवड्याचे चार तास स्प्रिंटमध्येच धरायचं ठरलं. मला हा निर्णय सगळ्यात मोलाचा वाटतो. तो झाला नसता, तर तिकिटांसारख्याच पुल रिक्वेस्टही पडून राहिल्या असत्या.

तिनं टेस्टमध्ये नेमकी १ एप्रिलची पहाटे तीनची वेळ घातली. मर्ज झाल्यावर चेंजलॉगमध्ये तिचं नाव आलं. काही दिवसांनी तिच्याच सीनियरनं पुल रिक्वेस्ट पाठवली. मी उघडली तेव्हा तिची कमेंट आधीच पडलेली होती : टेस्ट जोडा, कशा चालवायच्या ते फाइलमध्ये आहे.