बंब हलवताना

लीड्समध्ये आम्ही घर घेतलं ते २०२२च्या फेब्रुवारीत. १९३०च्या दशकातलं, लाल विटांचं, एका भिंतीला शेजारचं घर चिकटलेलं. त्याआधी आठ वर्षं भाड्यानं राहिलो. गरम पाणी आलं नाही तर घरमालकाला फोन करायचा, एवढंच मला ठाऊक होतं. आता घरमालक आम्हीच होतो.

बैठकीच्या खोलीत जुन्या शेकोटीच्या कोनाड्यात गॅसची शेगडी बसवलेली होती. तिच्याच पाठीमागे, चिमणीच्या पोटात, साऱ्या घराचा बॉयलर दडलेला आहे हे मला सप्टेंबरात कळलं. वार्षिक तपासणीला एक वयस्क गॅस इंजिनिअर आले होते. निवृत्तीला टेकलेले, दर वाक्याच्या शेवटी इकडच्या रीतीप्रमाणे ‘लव्ह’ म्हणणारे. आल्याआल्या त्यांनी ओळखपत्र पुढे केलं. या देशात गॅसच्या उपकरणाला हात लावायचा तर गॅस सेफच्या नोंदवहीत नाव लागतं. २००९च्या एप्रिलपर्यंत ही नोंदवही कॉर्गी या नावानं ओळखली जायची आणि जुने लोक अजून तेच म्हणतात, हे त्यांनीच सांगितलं. मग ते गुडघ्यावर बसले, शेगडी पेटवली, थोड्या वेळानं धुराची एक काडी शिलगावून शेगडीच्या वरच्या कडेशी धरली.

तो धूर वर जायला हवा होता. तो बाहेर आला. पांढरी रेघ शेगडीच्या कपाळावरून वळून सरळ खोलीत, माझ्या तोंडाकडे. त्यांनी तत्काळ गॅस बंद केला, उठले आणि खोलीभर नजर फिरवली. खिडकीखाली भिंतीत एक जाळी होती. मार्चमध्ये तिच्यातून येणारं गार वारं सोसवेना म्हणून मी तिच्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते. मला ती जुन्या बांधणीतली फट वाटली होती.

त्यांनी बोळे एकेक करून काढले, दारं-खिडक्या उघडून खोली मोकळी केली, मग सगळं बंद करून परत शेगडी लावली, परत काडी धरली. आता धूर कसा ओढून घेतल्यासारखा चिमणीत गेला. हा बॉयलर जळायला लागणारी हवा खोलीतूनच घेतो; ती मिळाली नाही की ज्वाला गुदमरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माझी सात वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी त्याच शेगडीसमोर पालथी पडून चित्रं काढायची. ते बोलत होते आणि मी त्या सतरंजीकडे बघत होते. त्याच दिवशी मी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणला. तुमच्या घरात नसेल तर हा लेख खाली ठेवा आणि आधी तो आणा.

बॉयलर बदलायचा हे त्या दिवशी ठरलं. तसाही तो पस्तीस-चाळीस वर्षांचा होता. गॅसच्या शंभर रुपयांतले तीसेक रुपये चिमणीतून आभाळात जात होते. पण ‘बदलायचा’ म्हणजे जुना काढून तिथेच नवा ठेवायचा, असं मी धरून चालले होते. तसं होत नाही. २००५पासून इंग्लंडमध्ये गॅसचा नवा बॉयलर जवळजवळ नेहमीच कंडेन्सिंग जातीचा बसवावा लागतो. त्याचं धुरांडं बहुधा बाहेरच्या भिंतीतून निघतं आणि त्याला सांडपाण्याची नळी लागते. चिमणीच्या कोनाड्याजवळ यातलं काहीच नव्हतं. बॉयलर स्वयंपाकघरात न्यायचा ठरला.

म्हाताऱ्या इंजिनिअरांनी मला पाकिटाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. मधोमध आग, भोवती पाणी, वर धूर. मी म्हटलं, हा तर आमचा बंब! वाईला आजोळी न्हाणीघराच्या दाराशी तांब्याचा बंब असायचा. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, खाली राख, बाजूला तोटी. आजी पहाटे बंबफोड घालायची आणि दिवाळीच्या आधी चिंच लावून तो लखलखीत करायची. नळीच्या तोंडाशी हात नेला तर केवढी धग लागायची! ती सगळी वाया जाणारी ऊब. नव्या बॉयलरमध्ये तीच पकडतात. गॅस जळताना वाफ होते. ती धुराबरोबर बाहेर न सोडता आतच गार करून तिचं पाणी करायचं आणि तिची ऊब परत घ्यायची. भातावरच्या झाकणाला पाणी सुटतं, तसंच. पण त्यासाठी रेडिएटरमधून परतणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असावं लागतं. नाहीतर नाव कंडेन्सिंग आणि काम जुनंच. ही गोष्ट मला कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात ठळक दिसली नाही.

त्यांनी स्वतः नवी बसवणूक करणं सोडलं होतं. मी तिघांकडून अंदाज मागवले. २८०० पौंडांपासून ४१०० पर्यंत. तिघांनी तीन जागा सांगितल्या, आणि प्रत्येकाचं बरोबरच वाटत होतं. धुरांड्याचं तोंड उघडणाऱ्या खिडकीपासून किमान ३० सेंटिमीटर दूर हवं, वाफ शेजाऱ्यांच्या दारात जायला नको, मीटर जिन्याखाली असल्यानं गॅसची नळी तिथून नव्यानं आणायची, तीही १५ऐवजी २२ मिलिमीटरची, कारण कॉम्बी बॉयलर पाणी साठवत नाही, वाहतं पाणी क्षणात तापवतो आणि त्याला गॅस भसाभस लागतो. त्या आठवड्यात मी रात्री वहीत घराचा आडवा छेद काढून नळ्या रंगवत बसायचे आणि सकाळी सगळं पुन्हा पुसायचे. एकानं स्वयंपाकघरातल्या नळाखाली मोजपात्र धरलं: मिनिटाला १४ लिटर. ‘चालेल,’ म्हणाला. बाकी दोघांनी नळाला हातही लावला नव्हता. मी त्यालाच काम दिलं.

काम तीन दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी रेडिएटर धुतले. नळीतून बाहेर आलं ते पाणी काजळासारखं काळं होतं. काम करणाऱ्या मुलानं ते काचेच्या बरणीत भरून बाहेरून लोहचुंबक लावलं, आणि तो काळा गाळ बरणीच्या काचेला येऊन चिकटला, चुंबक सरकवावं तसा मागोमाग सरकला. ते लोखंडच होतं, रेडिएटरच्या आतून चाळीस वर्षं झिजलेलं. रेडिएटर वर गरम आणि खाली गार का राहायचे, ते त्या बरणीत दिसलं. नव्या बॉयलरच्या आधी आता एक चुंबकाची गाळणी आहे.

तिसऱ्या दिवशी वरच्या कपाटातला सिलिंडर काढला. जिन्याच्या तोंडाशी असलेल्या त्या कपाटात शंभर-सव्वाशे लिटरचा तांब्याचा सिलिंडर होता, लाल गादीत गुंडाळलेला. वर फळ्यांवर टॉवेल, आणि सगळ्यात खालच्या फळीवर माझं विरजण. त्या सबंध गार घरात दही लागायचं ते तिथेच. इडलीचं पीठही तिथेच फुगायचं. कॉम्बी आला की सिलिंडर जातो हे मी ऐकलं होतं, अंदाजपत्रकात वाचलंही होतं. पण आपलं दही जातं हे कुणी लिहीत नाही. दोघांनी तो जिन्यावरून खाली नेला तेव्हा मला खरंच रडू आलं. तांबं होतं ते. नंतर दोन दिवस कपाटाचं दार उघडून मी हात आत घालत होते. गार.

मग १२ डिसेंबर. त्या आठवड्यात सगळा देश गोठला होता. पहाटे बॉयलरमधून हुक्क्यासारखी गुडगुड ऐकू आली आणि तो बंद पडला. मी म्हाताऱ्यांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, “पांढरी नळी बाहेरून किती लांब गेलीये?” बाहेर जाऊन बघितलं: अंगठ्याएवढी बारीक नळी भिंतीवरून चांगली तीन मीटर, उघडीवाघडी. वाफेचं झालेलं पाणी तिच्यातून थेंबथेंब जायचं आणि शेवटच्या वाकणाशी गोठून बूच बसलं होतं. पाणी मागे चढलं की बॉयलर स्वतःला बंद करतो. कोमट पाण्याच्या दोन किटल्या त्या वाकणावर ओतल्या. उकळतं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. बर्फाचा एक लांबट तुकडा सटकन खाली पडला. आत येऊन बटण दाबलं तर ज्वाला लागली. ज्यानं काम केलं होतं तो पुढच्या आठवड्यात आला, मुकाट्यानं ३२ मिलिमीटरची नळी टाकली, तीवर जाड वेष्टण चढवलं. ती आधीच तशी हवी होती, आणि मी विचारायला हवं होतं. धुरांडं कुठे निघणार हे सगळे विचारतात. पाणी कुठून जाणार हेही विचारा.

सासूबाई मार्चमध्ये साताऱ्याहून आल्या. वरचा सिलिंडर गेल्यामुळे वरच्या नळाला गरम पाणी यायला आता मिनिटभर लागतं, आणि तोवरचं गार पाणी वाहून जाताना त्यांना बघवत नाही. त्यांनी तिथे एक बादली ठेवली आहे. सकाळी नळाखाली बोटं धरून उभ्या राहतात, खाली मला हाक मारतात, “बंब पेटला का गं?” मी स्वयंपाकघरातून निळी ज्योत बघून सांगते, पेटला. बादली भरते, ती परसातल्या मेथीला जाते.