गढ्यात थांबलेली गाडी

जबलपूरला जाणारे बहुतेक लोक भेडाघाट पाहतात. संगमरवरी कड्यांमधून नावेत फिरतात, धुआंधारचे तुषार अंगावर घेतात आणि परत येतात. गढ्याला मुद्दाम कोणी जात नाही. आम्ही गेलो ते आईसाठी. गढा हे तिचे माहेर. एका रात्रीचा बेत होता, पण मुक्काम चार दिवसांचा झाला आणि त्याला कारण आमची गाडी! त्या चार दिवसांत आमच्या घरात दोन वर्षे लोंबकळत पडलेला प्रश्न मात्र सुटला: जुनी गाडी दुरुस्त करत राहायची, की बदलून टाकायची?

गाडी २००१ सालची. छोटी, लाल, पेट्रोलवर चालणारी. मीटरवर १ लाख ९३ हजार किलोमीटर. बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली ही घरातली पहिली मोटार. बाबा गेले, तरी त्यांचा पिवळा फडका अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. म्हणूनच ‘‘विकून टाकू या’’ असे कोणी म्हटले की घरात एकदम शांतता पसरायची. सौ.चे म्हणणे, आता पुरे. माझे म्हणणे, मुलाच्या इंजिनिअरिंगची फी चालू असताना नवा हप्ता कशाला? आई काहीच बोलत नसे, आणि तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावत असे.

तिलवारा ओलांडला आणि...

नागपूरहून जबलपूर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. मनसर, देवलापार मागे पडले की पेंचचे जंगल लागते. तिथे वन्यप्राण्यांना खालून जाता यावे म्हणून काही ठिकाणी रस्ताच खांबांवर उचलून घेतला आहे. पुढे शिवनी, छपारा. लखनादौनला एक रस्ता नरसिंहपूरकडे जातो, दुसरा जबलपूरला. रस्ता इतका गुळगुळीत की गाडीचे वय विसरायला होते. मी विसरलो आणि वेग वाढवला.

बरगीच्या चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला. तिलवाऱ्याच्या पुलावर आईने ‘‘नर्मदे हर’’ म्हणत खिडकीतून नाणे टाकले, मुलीने हात जोडले आणि मी काट्याकडे पाहत राहिलो. पूल संपून मेडिकल कॉलेजचा परिसर आला, तेव्हा बॉनेटमधून वाफ निघत होती आणि मागे पांढरा धूर. गाडी कडेला घेतली. गढा आले होते, पण मामाचे घर अजून दोन किलोमीटर होते.

मामा स्कूटरवर आला. मामा म्हणजे पंचाहत्तरीचा, ताठ, जबलपूरच्या वाहन निर्माणीतून निवृत्त झालेला माणूस. मराठी आमच्यासारखेच, पण ‘अरे भाई’ने सुरू होणारे. आल्याआल्या त्याने बहिणीला नमस्कार केला, नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग तेलाची पट्टी बाहेर काढून पाहिली. तेल दुधाळ झाले होते.

‘‘अरे भाई, हेडचे गॅस्केट उडाले. पाणी तेलात उतरले आहे. आता चावी लावू नकोस, नाही तर इंजिनही जाईल.’’

गाडी दोरीने ओढत ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. दुसऱ्या दिवशी हेड उघडले. ते तापून किंचित वाकले होते, लेथवर फेस मारून आणावे लागणार होते. रेडिएटर आतून गाळाने भरलेला. दोन दिवसांचे काम. मिस्त्रीने सांगितले, ‘‘फक्त घरी पोचण्यापुरते करायचे तर सात हजार. क्लच प्लेट, पाण्याचा पंप, रिंग-पिस्टन सगळे करायचे तर तीस. विचार करून सांगा.’’

तीस हजार! बाजारात त्या गाडीला फार तर पस्तीस आले असते.

बावन्न गढांची राजधानी

विचार करायला वेळ होता, म्हणून मुलीला घेऊन गढा पाहायला निघालो. आज ते जबलपूरचा एक दाट वस्तीचा भाग आहे. अरुंद गल्ल्या, किराणा, औषधांची दुकाने, मेडिकलच्या विद्यार्थ्यांच्या खोल्या. पण जबलपूर नावारूपाला येण्याच्या कितीतरी आधी हे गढा गोंड राजांची राजधानी होते. गढा-मंडला राज्य ते हेच. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात संग्रामशाहाने बावन्न गढ आपल्या अमलाखाली आणले. त्याची सून म्हणजे राणी दुर्गावती. पती दलपतशाहाच्या मृत्यूनंतर लहान मुलाच्या नावाने तिने कारभार हाती घेतला आणि २४ जून १५६४ रोजी अकबराचा सरदार आसफखान याच्या फौजेशी लढताना प्राण दिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख मराठ्यांकडे आला, पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. जबलपुरात मराठी कुटुंबे दिसतात, त्याची मुळे अशी जुनी आहेत.

टेकडीवर मदनमहाल आहे. किल्ला म्हणून मोठे काही पाहण्याची अपेक्षा ठेवून गेलात तर निराश व्हाल. एका अजस्र शिळेवर बसवलेली ही छोटीशी वास्तू. राजा मदनसिंहाने ती बांधली असे परंपरेने सांगितले जाते. समोर घोड्यांच्या पागा म्हणून दाखवतात ते बांधकाम आहे. वर चढून उभे राहिले की सारे जबलपूर पायाशी दिसते आणि ही जागा टेहळणीसाठी का निवडली ते कळते. टेकडीच्या दुसऱ्या अंगाला संग्रामसागर तलाव आणि त्याच्या काठी भैरवाचा बाजनामठ.

वाटेत शारदा मंदिराजवळ तोलशिळा लागते. एका प्रचंड खडकावर दुसरा तसाच प्रचंड खडक, आणि दोघांचा स्पर्श इतक्या थोड्या जागेत की आत्ता कलंडेल असे वाटावे. २२ मे १९९७च्या पहाटे जबलपुरात मोठा भूकंप झाला. घरे पडली, माणसे गेली. हा दगड मात्र जागचा हलला नाही.

मुलीने त्याला हात लावून पाहिले. ‘‘बाबा, हा पडेल असं वाटतं आणि पडत नाही. आपल्या गाडीसारखाच!’’

मला ते फार आवडले. तीस हजार खर्च करायचे, असे मी खाली उतरताना जवळजवळ ठरवून टाकले.

मामाचा स्क्रूड्रायव्हर

रात्री जेवणानंतर मी हिशेब मांडला. खर्चाची वही सौ. गाडीतच ठेवते. गेल्या दोन वर्षांत दुरुस्तीवर ४१ हजार गेले होते, म्हणजे महिना साधारण सतराशे. उलट पाच-सहा वर्षे वापरलेली बरी गाडी घ्यायची तर तीन लाखांचे कर्ज, आणि चार वर्षांसाठी महिना साडेसात हजारांच्या आसपास हप्ता. नोंदणीच्या नूतनीकरणाचा खर्चही मी धरला. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, मग दर पाच वर्षांनी तपासणी करून नवी करावी लागते. २०२१ मध्ये त्याची फी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती ५ हजार झाली आणि वीस वर्षांवरच्या मोटारींना ऑगस्ट २०२५ पासून १० हजार. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. एवढे सगळे धरूनही दुरुस्तीच स्वस्त पडत होती.

‘‘हिशेब बरोबर आहे,’’ मामा म्हणाला. ‘‘पण अर्धाच आहे. सकाळी चल माझ्याबरोबर.’’

सकाळी मिस्त्रीकडे मामाने गाडी जॅकवर चढवायला लावली. गुडघे दुखत असतानाही तो स्वतः खाली वाकला. पायदाण्या काढल्या, चटई उचलली आणि हातातला स्क्रूड्रायव्हर चालकाच्या पायाखालच्या पत्र्यावर टेकवून दाबला. कागदात जावा तसा तो आरपार गेला. मग दाराखालच्या पट्टीत. तिथेही तेच. वरून रंग लाल, चकचकीत. आत नुसता गंज.

मामा धूळ झटकत उठला आणि मला समजावू लागला. ‘‘आम्ही शक्तिमान ट्रक बनवायचो. जर्मनीच्या मान कंपनीच्या सहकार्याने इथल्या तोफगाडी कारखान्यात १९५९ मध्ये ते काम सुरू झाले, आमची निर्माणी १९६९ मध्ये उभी राहिली. ट्रकला खाली वेगळी चासी असते. इंजिन बदला, केबिन बदला, हौदा बदला, चासी शाबूत असली तर ट्रक पुन्हा उभा. म्हणून ते शक्तिमान वर्षानुवर्षे धावले. तुझ्या छोट्या गाडीला वेगळी चासी नाही. हा पत्र्याचा साचा हीच तिची चासी. इंजिन मी तुला नव्यासारखे करून देईन, पण ते बसवणार कशात?’’

‘‘पत्रा मारून घेतला तर?’’

‘‘एक ठिगळ लावता येते. पाच लावली तर ती गाडी राहत नाही, गोधडी होते. टक्कर झाली तर ठिगळाच्या कडेनेच ती फाटेल. मागे कोण बसते?’’

मागे आई आणि मुलगी बसतात. मी काही बोललो नाही. वहीतल्या सतराशे रुपयांत ही रक्कम कुठेच धरलेली नव्हती.

मी मामाच्या स्कूटरकडे पाहिले. ती तर माझ्या गाडीपेक्षाही जुनी! त्याने ते ओळखले. ‘‘हिचा पत्रा मी दर पावसाळ्यानंतर तपासतो. अजून टणक आहे, म्हणून ठेवली आहे. ज्या दिवशी स्क्रूड्रायव्हर आत जाईल त्या दिवशी हीसुद्धा जाईल. अरे, शक्तिमान १९९६ मध्ये बंद झाला, जोंगा १९९९ मध्ये. जोंगा हे नावच जबलपूरच्या कारखान्यांच्या आद्याक्षरांवरून पडलेले. आम्हाला वाईट वाटले नसेल? पण त्यांच्या जागी नवे ट्रक आले, ते आम्हीच जोडले.’’

आईचे मत

घरी येऊन सांगितले, तेव्हा मला भीती होती ती आईची. ती अंगणात तुळशीजवळ बसली होती. सारे ऐकून म्हणाली, ‘‘मी लग्न होऊन निघाले ती हाऊबागहून, छोट्या रेल्वेने. रात्रभर खडखड करत गोंदियाला पोचवायची. केवढा जीव होता माझा तिच्यावर! २०१५ मध्ये ती बंद झाली, रूळ उखडले, तेव्हा मामाने फोनवर सांगितले आणि मी रडले. आता त्याच वाटेने मोठी रेल्वे जाते. माहेर काही तुटले नाही.’’ मग थोडे थांबून, ‘‘तुझे बाबा असते तर गेल्याच वर्षी बदलली असती. ते गाडीला जपायचे ते आपण सुखरूप पोचावे म्हणून. गाडीसाठी नाही.’’

दोन वर्षे मी तिच्या गप्प बसण्याचा अर्थ चुकीचा लावत होतो!

मग तसेच केले. सात हजारांचे काम करून घेतले, पायाखाली एक जाड पत्रा मारला. आई आणि मुलगी रेल्वेने गोंदियामार्गे गेल्या. मी एकटा, साठच्या वर वेग न नेता, दिवसाउजेडी नागपूरला पोचलो.

गाडी मी गल्लीतल्या भंगारवाल्याला दिली नाही. नोंदणी रद्द न करता गाडी दिली आणि पुढे कोणी तिचा गैरवापर केला, तर विचारणा कागदावरच्या मालकाकडे होते. अधिकृत वाहन भंगार केंद्रात दिली की ठेव प्रमाणपत्र मिळते. ते दाखवून नवी मोटार घेतली तर नोंदणी फी माफ होते आणि रस्ता करातही सवलत मिळू शकते. केंद्राच्या नियमांत खासगी वाहनांसाठी ती २५ टक्क्यांपर्यंत आहे. प्रत्यक्षात किती द्यायची ते राज्य ठरवते. आम्ही वापरलेली गाडी घेतली, त्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही. मात्र घेताना एक पथ्य पाळले. जानेवारी २०२२ पासून नव्या मोटारींत पुढच्या दोन्ही जागांना एअरबॅग सक्तीच्या झाल्या, म्हणून त्यानंतर बनलेलीच शोधली. आणि व्यवहार ठरवण्याआधी मी चटई उचलून स्क्रूड्रायव्हर टेकवून पाहिला. विकणारा माझ्याकडे बघतच राहिला.

हप्ता सुरू झाला आहे. मुलाने शिकवण्या धरल्या आहेत, आम्ही बाहेरचे जेवण बंद केले आहे. ओढाताण आहेच. पण आता आई मागे बसून पट्टा लावते आणि निवांत डुलकी काढते.

तुम्ही जबलपूरला गेलात तर भेडाघाटाबरोबर गढ्यासाठीही अर्धा दिवस ठेवा. मदनमहाल स्थानकावर बऱ्याच गाड्या थांबतात. तिथून टेकडी जवळ आहे. ऊन चढण्यापूर्वी वर जा. तोलशिळेपाशी जरा थांबा, आणि जमल्यास खाली वाकून तिचा खालचा दगड पाहा. वरचा दगड पडत नाही, तो त्या खालच्या दगडामुळे. मुलीच्या बोलण्याने खूश होऊन मी तेवढेच पाहायचे विसरलो होतो.

पिवळा फडका आता नव्या गाडीच्या कप्प्यात आहे.