हसरा सूर्य आणि जिवतीचा कागद

लहान मुलांच्या पुस्तकातला सूर्य नेहमी हसत असतो. का हसतो, ते कुणी विचारत नाही. आमच्या श्रीवर्धनला मे महिन्यात भर दुपारी जो सूर्य डोक्यावर येतो, तो हसताना निदान मी तरी पाहिलेला नाही. पुस्तकात मात्र त्याला गोबरे गाल असतात, ढगांना डोळे असतात आणि वाघाला एकही दात नसतो. हे सगळं मुलांना आवडतं, असं ठरवलं कुणी? मुलांनी नक्कीच नाही. मुलांच्या खिशात पैसे नसतात. पुस्तक निवडते आई, पैसे देतो बाप आणि किंमत ऐकून 'आमच्या वेळी' सुरू करतो आजोबा. मुलाच्या वाट्याला येतो तो फक्त चावायला पुस्तकाचा कोपरा.

आमच्याकडे हा विषय निघाला तो श्रावणात. सौ.नी दरवर्षीप्रमाणे देव्हाऱ्याजवळ जिवतीचा कागद लावला. वरच्या बाजूला नरसिंह आणि कालियामर्दन, मध्ये अंगाखांद्यावर पोरं खेळवणाऱ्या जिवत्या, खाली हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. यातल्या नरसिंहाने हिरण्यकशिपूला मांडीवर आडवा घेतलेला असतो आणि पुढचा कार्यक्रम अगदी तपशीलवार दाखवलेला असतो. आणि हा कागद पुजायचा कशासाठी? तर घरातल्या मुलाबाळांच्या आयुरारोग्यासाठी!

जोडून सुट्टी आली म्हणून सून आणि चार वर्षांची नात मुंबईहून आल्या होत्या. कागद बघून सून हळूच म्हणाली, "बाबा, हा जरा उंचावर लावता येईल का? ती घाबरेल हो."

'ती' तेव्हा स्टूल ओढून कागदासमोर उभी होती.

"आजोबा, हे लाल लाल काय आहे?"

"आतडी."

"माझ्या पोटात पण आहेत?"

"आहेत की."

"एवढी लांब?" स्वरात भीती नव्हती, अभिमान होता. मग तिचं बोट चित्रातल्या पोरावर गेलं. "हा कोण?"

"प्रल्हाद."

"हा रडत का नाही?"

"सिंह आपल्या बाजूचा आहे, हे त्याला माहीत आहे ना!"

तिने यावर थोडा विचार केला आणि विचारलं, "मग सिंह नंतर जेवला का?"

हीच मुलगी एका वाढदिवसाला अस्वलाचा पोशाख घालून आलेल्या माणसाला पाहून इतकी किंचाळली होती, की केक कापायचा थांबला. कारण विचारलं तर म्हणाली, "ते नुसतं हसतच होतं." मुद्दा बिनतोड आहे. नरसिंह कुणावर आणि का चिडलाय, ते समजतं. विनाकारण हसणाऱ्याचा काय भरवसा?

हा घोळ काही आपल्याकडेच आहे असं नाही. मॉरिस सेंडाक या अमेरिकन चित्रकाराचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' १९६३ साली निघालं. दंगा केला म्हणून उपाशी झोपायला पाठवलेला मॅक्स आणि त्याला भेटलेले सुळे-नख्यांचे राक्षस. मोठी माणसं हबकली. ब्रूनो बेटलहाइम या नामांकित बालमानसतज्ज्ञांनी १९६९ साली बायकांच्या एका मासिकात त्यावर नापसंती नोंदवली. तीही पुस्तक न वाचता, आयांच्या तोंडून गोष्ट ऐकून! न वाचता परीक्षण लिहिण्याची कला सातासमुद्रापलीकडेही नांदते आहे, हे ऐकून मराठी माणसाला बरं वाटेल. पुढे १९७६ साली याच गृहस्थांनी एक जाडजूड ग्रंथ लिहून सांगितलं, की परीकथांमधलं भीतिदायक मुलांना हवंच असतं. मुलांनी यातलं काहीच वाचलं नाही. ती राक्षसांत रमली होती. सेंडाकनेच सांगून ठेवलंय, की ते राक्षस म्हणजे लहानपणी घरी येणारे त्याचे नातेवाईक: गालगुच्चे घेणारे आणि 'खाऊन टाकू का तुला' म्हणणारे. आमच्या आळीत ही मंडळी दर गणपतीला येतात. दातसुद्धा तेच.

परवा नातीला कुणीतरी 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' हे पुस्तक भेट दिलं. चेन्नईच्या तारा बुक्सने २००६ साली काढलेलं. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंह उर्वेती या गोंड चित्रकारांची झाडं, हाताने छापलेली, आणि कागद चक्क काळा कुळकुळीत. २००८ साली त्याला बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यात पारितोषिकही मिळालं. सौ. म्हणाल्या, "लेकराला काळं पुस्तक? संक्रांत आहे का?" लेकराने आधी पुस्तकाचा वास घेतला, मग पानावरून हात फिरवला आणि निर्णय दिला, "काळं नाहीये. रात्र आहे."

रात्र काय असते, ते आमच्या किनाऱ्यावरच्या पोरांना शिकवावं लागत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आदळलं. वाड्यांतल्या नारळी-पोफळी मोडून आडव्या झाल्या, छपरं उडाली आणि पुढे कितीतरी दिवस वीज नव्हती. शेजारचा पाच वर्षांचा मुलगा त्या दिवसांत एकच खडू वापरायचा, काळा. पानंच्या पानं काळी आणि त्यांत आडव्या रेघा. त्याच्या आजीला ते बघवेना. "बाळा, एक छानसा सूर्य काढ बघू," ती म्हणाली. त्याने मुकाट्याने काढला, पण जमिनीवर, पडलेल्या पोफळींच्या शेजारी.

"हसत का नाही रे तो?"

"त्याचे पण पत्रे उडालेत."

आजी पुढे काही बोलली नाही. तिने कंदिलाची वात वाढवली आणि त्याला दुसरा कागद दिला. मला वाटतं, त्या पोराला तेवढंच हवं होतं.

आता याचा अर्थ दिसेल त्या मुलाला राक्षस दाखवत सुटावं, असा नव्हे. काही मुलं खरोखरच घाबरतात. आमची नातही एक पुस्तक रात्री गादीखाली सारते आणि सकाळी आपणच बाहेर काढून बघते, आतला राक्षस चपटा झाला का ते. पान उलटायचा आणि पुस्तक मिटायचा हक्क मुलाचा असावा, एवढंच माझं म्हणणं. आणि बघताना टेकायला कुणाची तरी मांडी असावी. सिंह आपल्या बाजूचा आहे, हे मुलाला पुस्तकापेक्षा त्या मांडीवरून कळतं.

माझ्या माळ्यावर 'चांदोबा'च्या जुन्या अंकांचा गठ्ठा आहे. 'शंकर' म्हणजे के. सी. शिवशंकरन् यांनी काढलेला विक्रमराजा त्यात आहे. हातात तलवार, खांद्यावर प्रेत. शिवशंकरन् २०२० साली गेले. राजा अजून चालतोच आहे. नात आली की तो गठ्ठा खाली उतरतो. हल्ली माझी मांडी दहा मिनिटांत बधिर होते. पण तेवढ्यात वेताळाचं पान तीनदा बघून होतं, आणि चौथ्यांदा बघण्याबद्दल वाटाघाटी सुरू होतात.