नाव न घेता

अवघड शब्द डिक्शनरीत सापडतो. वाक्याच्या आड दडलेला संदर्भ मात्र तिथे सापडत नाही, आणि इंग्रजी शिकताना आमच्या कॉलेजातली मुलं नेमकी तिथेच अडतात. बहुतेक जण मराठी शाळांतून आलेले. अल्यूजन म्हणजे अप्रत्यक्ष उल्लेख, ही व्याख्या सगळ्यांना पाठ असते, पण व्याख्येने काही हाती लागत नाही.

म्हणून मी वर्गात आधी नुसतं ‘ध चा मा’ म्हणते. आनंदीबाई, नारायणराव, शनिवारवाडा यांतलं काहीही सांगावं लागत नाही, तीन अक्षरांत सगळं प्रकरण उभं राहतं. मग मार्टिन ल्यूथर किंग यांचं २८ ऑगस्ट १९६३ चं वॉशिंग्टनचं भाषण काढते. हे भाषण मला फार प्रिय आहे, कितीदा शिकवलं तरी.

सुरुवातीला किंग शंभर वर्षं म्हणत नाहीत, पाच विसा वर्षं म्हणतात. विसांत मोजणारी आजी अजून काहींच्या घरात आहे, त्यांचा हिशेब लगेच होतो. पण १९६३ च्या अमेरिकेत रोजच्या बोलण्यात असं कोणी मोजत नव्हतं. ती मोजणी लिंकन यांची. नोव्हेंबर १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या रणभूमीवर त्यांनी आपलं छोटंसं भाषण चार विसा आणि सात वर्षांपासून, म्हणजे १७७६ पासून, सुरू केलं होतं. आणि त्या मोजणीला जुन्या इंग्रजी बायबलचा सूर आहे. तिथल्या एका स्तोत्रात माणसाचं आयुष्य तीन विसा आणि दहा वर्षांचं सांगितलं आहे.

किंग उभे होते लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर, पाठीशी लिंकन यांचा तो बसलेला भव्य पुतळा. तरी त्या वाक्यात लिंकन यांचं नाव नाही. ज्याच्या छायेत आपण उभे आहोत तो थोर अमेरिकन, एवढंच. त्याने गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केल्याला शंभर वर्षं झाली आणि कृष्णवर्णीय माणूस अजून मुक्त नाही, हे किंग यांना सांगायचं होतं. नाव घेतलं असतं तर तो इतिहासाचा दाखला झाला असता. न घेतल्यामुळे ऐकणाऱ्याने ते स्वतः ओळखलं, आणि ओळखताक्षणी तो बोलणाऱ्याच्या बाजूला थोडा सरकला, असं मला वाटतं.

पुढे न्यायाची सांगड वाहत्या पाण्याशी घातली आहे. ती आमोसची, बायबलच्या जुन्या करारातल्या तकोवा गावच्या मेंढपाळ संदेष्ट्याची. इथे मी मराठी बायबल उघडून पाचवा अध्याय वाचते, कारण खरी धार त्या ओळीच्या आधी आहे: तुमचे सण, तुमची अर्पणं, तुमची गाणी मला नकोत, असं तिथे देवच बजावतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून किंग यांनी, धीर धरा म्हणणाऱ्या गोऱ्या धर्मगुरूंना पत्र लिहिलं होतं. त्यात आमोसचं नाव स्पष्ट आहे. भाषणात ते नाही. नेमाने चर्चला जाणाऱ्यांना तो अध्याय परका नव्हता, न उच्चारलेला भाग त्यांना ऐकू गेलाच असेल.

शेक्सपिअरचं ‘रिचर्ड तिसरा’ असंतोषाचा हिवाळा सरल्याच्या बोलण्याने सुरू होतं. किंग तो ऋतूच बदलतात. त्यांच्या भाषणात असंतोषाचा उन्हाळा आहे आणि स्वातंत्र्याचा शरद आल्याशिवाय तो सरणार नाही. समोरच्या अडीच लाखांच्या आसपासच्या लोकांनी शेक्सपिअर कुठे वाचला होता, असं मुलं विचारतात. सगळ्यांनी नव्हताच. पण ऑगस्टचा उकाडा प्रत्येकाच्या अंगाला जाणवत होता, त्यामुळे वाक्य त्यांच्यापर्यंतही पुरतं पोचलं.

मुलं संदर्भाचं मूळ लिहायला चटकन शिकतात. तो कोणाच्या कानांसाठी आहे, हेही मी विचारते. लिंकन आणि आमोस यांच्याबद्दल मतभेद होत नाहीत. शेक्सपिअरवर मात्र एका मुलीशी माझा वाद अजून चालू आहे. तिच्या मते तो टीव्हीवर भाषण बघणाऱ्या शिकलेल्या गोऱ्यांना त्यांच्याच नाटककाराच्या भाषेत दिलेला इशारा होता. मी म्हणते, शेक्सपिअर किंग यांचाही होताच, तो कोणाकडून उसना आणावा लागला नव्हता.