जवारी आणि खरखर

आमच्या सुशिक्षित घरांतून संगीताविषयीं एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. स्वर निर्मळ असला कीं तो चांगला, आणि त्यांत खरखर शिरली कीं तो बिघडला, ही ती समजूत होय. अशा घरांतला मुलगा जेव्हां इलेक्ट्रिक गिटार घेऊन येतो, ती एका धातूच्या डबींतून ध्वनिवर्धकाला जोडतो, आणि डबीवर पाय देऊन तीच खरखर मुद्दाम निर्माण करतो, तेव्हां वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडावी हें स्वाभाविक आहे. साताऱ्यास आमच्या घरींहि ती पडली. तथापि आठी म्हणजे मत नव्हे. मत बनवावयाचें तर आधीं ऐकावें लागतें, आणि जें ऐकतों तें कसें निर्माण होतें हेंहि समजून घ्यावें लागतें.

त्या डबीस ‘डिस्टॉर्शन पेडल’ म्हणतात. गिटारमधून येणारी विजेची लहर पेडल प्रथम वाढवितें, आणि ठराविक मर्यादेपुढें तिचीं शिखरें छाटून टाकतें. गोल माथ्याची लहर अशी सपाट झाली म्हणजे मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे उपस्वर बळावतात, आणि छेडलेला स्वर लगेच न विझतां बराच वेळ तेवत राहतो. ह्या प्रकाराच्या इतिहासांत एका बिघाडाला मानाचें स्थान आहे. १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ ह्या गाण्याचें मुद्रण अमेरिकेंत नॅशव्हिल येथें चाललें असतां यंत्रांत दोष उत्पन्न झाला, आणि ग्रेडी मार्टिन यांच्या वादनाचा आवाज फाटून निघाला. तो फाटका आवाज तसाच ठेवण्यांत आला. १९६२ मध्यें गिब्सन कंपनीनें असाच परिणाम साधणारें ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ बाजारांत आणलें, आणि १९६५ मध्यें ‘रोलिंग स्टोन्स’च्या ‘सॅटिस्फॅक्शन’नें तो आवाज जगभर पोंचविला. दोष होता तो अलंकार झाला.

हें ऐकून कोणी म्हणेल, “पाश्चात्यांची तऱ्हाच न्यारी!” त्यांनीं आमच्याच दिवाणखान्याच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे पाहावें. तेथें आमच्या सौभाग्यवतींचा मिरजेचा तंबोरा उभा आहे. त्यांचें माहेर सांगलीचें. त्यामुळें दर वर्षा-दोन वर्षांनीं तंबोरा साताऱ्याहून सांगलीस जातो, आणि तेथून जवळच्या मिरजेस जवारी काढण्यासाठीं नेला जातो. जवारी काढणें म्हणजे काय? ज्या घोडीवरून तारा जातात तिचा माथा धारदार नसतो. तो रुंद असून त्याला अगदीं अल्प असा बांक असतो. तार थरथरतांना त्या बांकाला पुनःपुन्हां हलकेच स्पर्श करते. तारेखालीं सुताचा धागा सरकवून हा स्पर्श नेमका कोठें आणि किती व्हावा तें ठरवितात. म्हणजे तार अडखळावी आणि आवाजांत झणकार यावा, ह्यासाठींच ही सारी योजना! निर्मळ स्वराची उपासना करणाऱ्या आमच्या संगीतानें आपल्या आसनाखालीं मुद्दाम ही खरखर अंथरली आहे.

आणि तीहि थोड्या मोलाची नव्हे. तार ज्या बिंदूवर छेडली असतां एकादा उपस्वर मुळींच उमटूं नये, त्याच बिंदूवर छेडली तरी तंबोऱ्यांत तो उपस्वर ऐकूं येतो, हें चंद्रशेखर व्यंकट रामन् यांनीं १९२१ सालीं दाखवून दिलें, आणि त्याचें कारण घोडीच्या घडणींत असल्याचें सांगितलें. जवारी उत्तम लागली म्हणजे खर्जाच्या तारेंतून कोणीहि न छेडलेला गांधार आपोआप प्रकट होतो. त्यास आपण स्वयंभू गांधार म्हणतों. १९३७ सालीं निवर्तलेले आणि मिरजेस चिरनिद्रा घेत असलेले खांसाहेब अब्दुल करीम खां यांच्या स्वराच्या निर्मळपणाची कीर्ति सर्वश्रुत आहे. तो निर्मळ स्वर अशाच झणकारणाऱ्या तारांच्या आधारावर उभा राहत असे.

आतां पेडलकडे परत वळूं. पेडल चालू असतां गिटारवर षड्ज आणि पंचम एकत्र छेडले, तर त्यांच्या मिश्रणांतून खालच्या सप्तकांतला षड्ज उमटतो, जो कोणत्याहि तारेवर वाजविलेला नसतो. त्याच जागीं षड्जाबरोबर गांधार छेडला तर बहुधा गढूळ गोंधळ ऐकूं येतो. कारण गिटारच्या पडद्यांवरचा गांधार आपल्या स्वयंभू गांधाराहून किंचित् चढा असतो, आणि हा सूक्ष्म विसंवाद पेडल चव्हाट्यावर आणतें. म्हणूनच रॉक संगीताचे वादक पेडलवर षड्ज-पंचमाची जोडी इतक्या आवडीनें वाजवितात. तंबोऱ्याच्या तारा ज्या जोडीवर लावण्याची आपली रूढि आहे, तीच ही जोडी!

पूर्वीं हा आवाज घरांत मिळविणें कठीण होतें. निर्वात नळ्यांचा ध्वनिवर्धक पुरता चढविला, नळ्यांवर ताण पडला, म्हणजे तो गोड फाटका नाद निघे. आणि साताऱ्याच्या पेठेंतील भिंतीला भिंत लागलेल्या घरांत तेवढा आवाज कोण सहन करील? ही अडचण ‘मॉडेलिंग ॲम्प’नें दूर केली. निरनिराळ्या जुन्या ध्वनिवर्धकांचें वर्तन गणितानें मांडून तें एका लहान पेटींत साठविणारीं अशीं यंत्रें गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत येऊं लागलीं. अमेरिकेंतील ‘लाइन सिक्स’ कंपनीनें आपलें पहिलें यंत्र १९९६ मध्यें आणलें. आतां मोठ्या आवाजाचा गुण लहान आवाजांत, हेडफोनवर देखील, मिळूं शकतो.

परंतु पेटीच्या पोटांत खरखर आधींच भरलेली असते, आणि त्यावर पेडलची खरखर चढविली तर चिखल होतो. आमचे चिरंजीव पेटी ‘क्लीन’ म्हणजे स्वच्छ नमुन्यावर ठेवतात आणि रंग पेडलला भरूं देतात. कधीं उलट करावयाचें झाल्यास पेडलचें ‘गेन’ अगदीं उतरवून केवळ त्याच्या जोरानें पेटीला ढकलतात. “बाबा, आमटींत आणि भातांत दोन्हीकडे तिखट घातलें तर चव कशी कळणार?” हा त्यांचा दृष्टान्त आम्हांस पटला. हेडफोनवर मधमाशांसारखी कर्कश गुणगुण ऐकूं आली, तर पेटींतील स्पीकरचा नमुना चालू आहे कीं नाहीं तें पाहावें. गिटारचे स्पीकर साधारणतः पांच हजार कंपनांपलीकडचा नाद फारसा देतच नाहींत, आणि ती गाळणी नसली कीं कान किटतात. शिवाय रात्रीं हलक्या आवाजांत जुळविलेलें दिवसा मोठ्यानें वाजविलें म्हणजे खर्ज फुगतो. कारण हलक्या आवाजांत आपल्या कानाला खर्ज कमी ऐकूं येतो. फ्लेचर व मन्सन यांनीं हें १९३३ सालींच मोजून ठेवलें आहे.

इतक्या सोयी झाल्यावरहि एक प्रश्न उरतो, आणि तो आम्हांस पेडलच्या गोंगाटाहून अधिक गंभीर वाटतो. नमुना हा कशाचा तरी नमुना असावा लागतो. पेटींतले सारे नाद कोणीतरी एके काळीं ऐकून, निवडून, जुळवून ठेवलेले आहेत. तंबोऱ्याचेंहि तसेंच झालें आहे. आज तो पुष्कळ घरांतून मोबाइलवर वाजतो, आणि एकट्यानें रियाज करणाऱ्यास त्याचा उपयोग होतो हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हीहि समाधानाची गोष्ट आहे. परंतु मानांकन नांवाचें रक्षण करतें, कानाचें नव्हे. जवारी काढणारा कारागीर घोडीवर कानस फिरवितो, तार चढवितो, ऐकतो, आणि तार उतरवून पुन्हां कानस हातीं घेतो. किती घांसावें ह्याचें माप त्याच्या कानांत असतें, आणि तो कान शेजारीं बसून ऐकल्यानेंच पुढच्या पिढीकडे जातो. शिकणारा शेजारीं बसेनासा झाला, तर उद्यांच्या यंत्रांनीं नमुना तरी कोणाचा घ्यावा?

आमचे चिरंजीव गेनचें बटण केसभर फिरवून थांबतात, ऐकतात, आणि पुन्हां किंचित् मागें फिरवितात. ही क्रिया त्या कारागिराच्या क्रियेहून जातीनें वेगळी नाहीं. म्हणून पुढील खेपेस तंबोरा मिरजेस न्यावयाचें काम आम्ही त्यांच्यावर सोंपविलें आहे. आणि जवारी निघेपर्यंत तेथेंच बसून राहण्यास सांगितलें आहे.