भोपळ्यातलं पाणी

लाल भोपळ्याच्या मसालेदार स्कोनची कोणतीही परदेशी कृती उघडा, तिसऱ्या-चौथ्या ओळीत एक डबा येतो. भोपळा चिरा असं तिथे कुणी सांगत नाही, डबा उघडा म्हणतात. त्या डब्यात नेमकं काय असतं याचा माग काढत गेलं की आपण इलिनॉय राज्यातल्या मॉर्टन नावाच्या गावी पोचतो. अमेरिकेतल्या डबाबंद भोपळ्याचा फार मोठा वाटा या गावाच्या आसपासच पिकतो, आणि तो हॅलोविनला कोरून दिवा लावतात तो भोपळा नव्हे. ती जात डिकिन्सन: लांबट, फिक्या पिवळसर सालीची, कुकुर्बिटा मोस्काटा या प्रजातीतली. आपण ज्याला लाल भोपळा म्हणतो, गावाकडे ज्याला डांगर म्हणतात, त्यातलाही पुष्कळ माल याच प्रजातीचा. मानखुर्द-ट्रॉम्बेच्या बाजारात हातगाडीवरून भोपळ्याची फोड घेणारी बाई त्या डब्यातल्या भोपळ्याची भावकीच घरी नेत असते. उलट तिची एक सोय अमेरिकेतल्या गृहिणीला नाही. इथे भोपळा कापून ठेवलेला असतो, आतला रंग दिसतो, शिरा दिसतात, गर घट्ट आहे की पिचपिचीत हे बोटानं कळतं. इतकं असूनही इथे घरी केलेले भोपळ्याचे स्कोन बहुधा जड होतात, मध्ये गच्च राहतात, आणि दोष मात्र ओव्हनला दिला जातो.

दोष ओव्हनचा नाही, पाण्याचा आहे. भोपळ्याच्या 100 ग्रॅम गरात 91-92 ग्रॅम पाणी असतं, उकडला तर आणखी थोडं. स्कोनसाठी 250 ग्रॅम मैदा घेतला तर त्याला सगळं मिळून 125 ते 150 ग्रॅम पाणी पुरतं. त्यात 300 ग्रॅम शिजवलेला गर घातला, तर 24 ग्रॅम भोपळा आणि 276 ग्रॅम पाणी घातल्यासारखं होतं, म्हणजे पिठापेक्षा पाणी जास्त. मग गर निम्मा केला जातो. पाणी 138 ग्रॅमवर येतं खरं, पण भोपळा उरतो जेमतेम 12 ग्रॅम. रंग फिका, चव फक्त दालचिनीची. हाच 300 ग्रॅम गर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर 150 ग्रॅम उरेपर्यंत आटवला, तर भोपळा 24 ग्रॅमच राहतो आणि पाणी 126 ग्रॅमवर येतं. तेवढ्याच पाण्यात दुप्पट भोपळा मिळाला. माझं म्हणणं एवढंच आहे की स्कोन हलका होतो तो कढईत, ओव्हन तापवण्याच्या आधी. लोणी किती कमी करायचं, पावडर किती घालायची हे प्रश्न नंतरचे, आणि पाण्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय ते सुटत नाहीत. आटलं कधी समजायचं, यासाठी वजनकाटा लागतोच असंही नाही. पुरणाची खूण इथेही चालते: मधोमध खोचलेला डाव उभा राहिला की झालं.

यावर पहिली हरकत आपल्याच घरातून येईल. घारग्यांना कुणी भोपळ्याचं पाणी मोजतं का? नाही मोजत. भोपळा किसायचा, थोड्या तुपावर परतायचा, गूळ घालून विरघळेपर्यंत शिजवायचा, उतरवून मीठ, जायफळ किंवा वेलदोडा, थोडी तांदळाची पिठी, आणि मग कणीक, मावेल तेवढी. वरून पाण्याचा थेंब नाही. ही पद्धत अतिशय शहाणी आहे, कारण भोपळा दर वेळी वेगळा निघतो आणि पिठाचं माप मोकळं ठेवल्यानं तो फरक आपोआप भरून निघतो. पण घारगा पातळ असतो. कडकडीत तेलात पडताच त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि तीच त्याला फुगवते, चार चमचे कणीक जास्त गेली तरी बिघडत नाही. स्कोन जवळजवळ 2.5 सेंटिमीटर जाड. त्याला उचलायचं काम सोड्यातून सुटणाऱ्या वायूनं करायचं असतं, आणि वर घातलेली प्रत्येक मूठ मैदा त्या वायूवरचं ओझं वाढवते. शिवाय जास्त पीठ मिसळायचं म्हणजे जास्त मळणं आलं. पोळीच्या कणकेला जो चिवटपणा आपण मळून मळून आणतो, तो स्कोनला मारक आहे. घारग्यात भोपळ्याला मावेल तेवढं पीठ घालतात, स्कोनमध्ये पिठाला मावेल तेवढाच भोपळा घालायचा. हा उलटा हिशेब एकदा हातात बसला की अर्धं काम झालं. मग घारगे सोडून स्कोन कशाला, असंही कुणी विचारील. सोडायचे कशाला? प्रवासाच्या डब्याला, चार दिवस टिकायला घारग्याच्या पासंगाला स्कोन पुरणार नाही. पण ज्याला तळण नको आहे आणि तरी भोपळा-गूळ-जायफळ हे त्रिकूट हवं आहे, त्याच्यासाठी ही दुसरी वाट आहे.

लोण्याबद्दलची हरकत जास्त वजनदार आहे. लोणी पिठाच्या कणांना वेढतं, पाणी त्यांच्यापर्यंत सहज पोचू देत नाही, म्हणून चिवट जाळं तयार होत नाही आणि घास तोंडात मोडतो. ते कमी केलं तर स्कोनचा पाव होईल, असं जाणकार म्हणतात, आणि नुसतं कमी केलं तर होतोच. पण चिवटपणा रोखायचे आणखी मार्ग आहेत. 250 ग्रॅममधला 30 ग्रॅम मैदा काढून तेवढी तांदळाची पिठी घातली की जाळं विणायला प्रथिनं कमी पडतात. घारग्यातली पिठीही तेच करते. दुधाऐवजी दोन चमचे चक्का घातला तर त्याची आंबटाई सोड्याला कामाला लावते. गूळही किंचित आम्लधर्मी आहे, गरम दुधात तो घातला की दूध फाटतं ते उगाच नाही. आटवलेल्या भोपळ्याचा गुळगुळीत गर स्वतःच थोडा ओलावा धरून ठेवतो. एवढी तयारी असेल तर 250 ग्रॅम पिठाला 100 ग्रॅम लोण्याच्या जागी 40 ग्रॅम पुरतं. आठ स्कोन झाले तर प्रत्येकी पन्नासेक कॅलरी वाचतात. बचत फार मोठी नाही हे मान्य करावं, कारण खरा भार मैद्याचा आहे; 250 ग्रॅम मैद्याच्याच 900 कॅलरी होतात. पण पोटाला जो फरक जाणवतो तो कॅलरींपेक्षा गच्चपणाचा असतो. हे 40 ग्रॅम लोणी मात्र थंड हवं. लोणी 32 ते 35 अंशांना वितळतं आणि खाडीकाठच्या स्वयंपाकघरात मे किंवा ऑक्टोबरच्या दुपारी हवाच त्याच्या आसपास असते. ते फ्रीजरमध्ये गोठवून, किसणीवर थेट पिठात किसावं, हात लावू नये. लोण्यात सोळा-सतरा टक्के पाणी असतं, ते भट्टीत वाफ होऊन पदर सोडवतं. तुपात ते नसतं, म्हणून तुपाच्या मोहनानं स्कोन खुसखुशीत होईल पण फुलणार नाही. बाजारातलं टेबल बटर खारट असतं, तेव्हा मीठ घालू नये.

भाजणं आपलं नव्हेच, आपण तळणारी आणि उकडणारी माणसं, ही समजूत मला मुळीच पटत नाही. कोकणातलं धोंडस पाहा. पिकलेलं मोठं तवसं किसायचं, त्याच्याच पाण्यात तांदळाच्या कण्या आणि गूळ शिजवायचा, खोबरं घालायचं, जाड भांड्यात तळाशी केळीचं पान घालून मिश्रण ओतायचं आणि खाली निखारे, झाकणावरही निखारे. वरून-खालून सारखी आच देणारी ही भट्टीच आहे, आणि भाजी-गूळ-धान्य यांचा केक करण्याचं ज्ञान त्यात पुरेपूर आहे. स्कॉटलंडमधला जुना स्कोन याच्यापेक्षा साधा. तो ओव्हनमध्ये नव्हे, विस्तवावरच्या लोखंडी तव्यावर भाजत आणि फुगवायला पावडर नसे. बेकिंग पावडर आली ती 1843 मध्ये, बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डनं यीस्ट न सोसणाऱ्या आपल्या पत्नीसाठी केली म्हणून. आपल्याकडे तोवर ताडी होतीच. साष्टीतल्या ईस्ट इंडियन घरांतले ताडीवर फुगवलेले फुगे, पारशी घरांतले जायफळ-वेलदोड्याचे ताडीचे भाखरे, हे दोन्ही स्कोनचे चांगले शेजारी शोभतील. आणि ज्यांच्या घरी भट्टी नव्हती त्यांनी बेकरीची भट्टी वापरली. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मुंबईच्या उपनगरांत आणि महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या गावांत नानकटाई भाजून आणायची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली: रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घरून न्यायची, बेकरीवाल्याकडून फेटून, पत्र्यावर मांडून, भाजून घ्यायची, भाजणावळ द्यायची आणि कोमट डबे घरी आणायचे. त्या भट्टीचं शास्त्र बघण्यासारखं आहे. लाकडानं तापवलेली विटांची घुमटी, पहिल्या कडक आचेवर पाव, मग आच उतरत जाईल तशी बिस्किटं आणि नानकटाई, आणि शेवटच्या उबेवर टोस्ट वाळवायचे. आचेचा एकही टप्पा वाया जात नाही. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. शहराच्या हवेकडे पाहता हा निर्णय योग्यच आहे. धुरात राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांपेक्षा पावाची चव मोठी नाही. पण उतरत्या आचेवर काम काढण्याचं हे ज्ञान इंधनाबरोबर जाऊ नये. गॅसच्या भट्टीत, आणि घरच्या ओव्हनमध्येही, ते तितकंच उपयोगी आहे: स्कोन काढल्यावर बंद केलेल्या ओव्हनच्या उबेत पुढच्या खेपेचा भोपळा सुकत ठेवता येतो.

मसाल्याच्या बाबतीत ट्रॉम्बेला बोलायचा खास अधिकार आहे. लोणी कमी केलं की वास धरून ठेवणारा स्निग्ध पदार्थही कमी होतो, म्हणून हलक्या स्कोनमध्ये मसाला जास्त नव्हे तर ताजा लागतो. अमेरिकेत भोपळ्याला सुंठ, जायफळ, जायपत्री लावण्याची चाल 1796 मधल्या अमेलिया सिमन्सच्या पाकपुस्तकात आहे. 2003 मध्ये निघालेल्या एका प्रसिद्ध कॉफीनं तर भोपळ्याचं नाव घेऊन कित्येक वर्षं नुसता मसालाच विकला. या वासाचा प्राण म्हणजे उडून जाणारी तेलं, आणि उष्णता त्यांची शत्रू. मसाल्यातले जंतू मारायला वाफ वापरावी तर वास जातो, ही अडचण निर्यातीत मोठी होती. ट्रॉम्बेच्याच भाभा अणुसंशोधन केंद्रात कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांवर जे काम झालं त्यातून तिला उत्तर मिळालं: मसाला तापतच नाही, जंतू मरतात, वास राहतो. 1994 मध्ये भारतात कांदा, बटाटा आणि मसाल्यांवर अशा प्रक्रियेला परवानगी मिळाली आणि 2000 मध्ये वाशीला मसाल्यांसाठी प्रकल्प सुरू झाला. किरणांनी पदार्थ किरणोत्सारी होतो ही भीती निराधार आहे. त्या किरणांची ऊर्जा त्यासाठी पुरेशीच नसते. स्वयंपाकघरानं यातून घ्यायचं ते इतकंच की स्कोनचा मसाला आधी भाजू नये, ओव्हनमध्ये तो तापणारच आहे. सुंठ आणि दालचिनी कोरड्या पिठात चाळावी, जायफळ अगदी शेवटी किसावं. लवंग एकच, तीही कुटून. लवंग जास्त झाली की भोपळा गप्प बसतो.

बाकीचं थोडक्यात. 270 ग्रॅम पिकल्या गराचा 135 ग्रॅम करावा, त्यात 50 ग्रॅम बारीक चिरलेला गूळ गरम असतानाच विरघळवावा आणि पूर्ण गार होऊ द्यावा. आदल्या रात्री करून ठेवला तर उत्तम. मैदा 220, पिठी 30, दोन चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, मसाला, किसलेलं लोणी, मग भोपळा आणि चक्का. गोळा जेमतेम जमला की थांबावं, परातीत कोरडं पीठ दिसत असलं तरी चालेल. थापून धारदार सुरीनं सरळ खाली दाबत कापावं; सुरी फिरवली की कडा मिटतात आणि स्कोन वाकडा चढतो. 210 अंशांना पंधरा-सतरा मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर, झाकण ठेवून, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी. मग जाडी थोडी कमी ठेवावी. लोणी कमी असल्यानं हे स्कोन लवकर शिळे होतात आणि ट्रॉम्बेच्या दमट हवेत कवच तर दोन-तीन तासांतच मऊ पडतं, म्हणून सकाळी केले तर संध्याकाळच्या चहाला संपवावेत, आणि उरतील असं वाटलं तर शेजारी पाठवावेत.