लागतं, पण किती?

पेंटबॉल खेळायला पहिल्यांदा निघालेला माणूस नियम विचारत नाही. तो विचारतो, "लागतं का?" या प्रश्नाची दोन ठरलेली उत्तरं आहेत. एक, "छे, मुंगी चावल्यासारखं!" दुसरं म्हणजे बाही वर करून दाखवलेला काळानिळा डाग. पहिलं उत्तर आपण लहानपणी दवाखान्यात इंजेक्शनच्या वेळी ऐकलेलं असतं, आणि त्यावर विश्वास ठेवायचा नसतो हे तेव्हाच कळलेलं असतं. दुसऱ्या उत्तरात दुखण्यापेक्षा सांगणाऱ्याच्या बहादुरीबद्दलच जास्त माहिती असते.

मी आतापर्यंत चार-पाच वेळा खेळलोय. इंजिनिअरिंगची चार वर्षं कुठेतरी कामी यावीत म्हणून आधी आकडे सांगतो. नेहमीची गोळी ०.६८ इंच व्यासाची, म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर, आणि वजनाला ३ ग्रॅमच्या आसपास. औषधाच्या कॅप्सूलसारखं जिलेटिनचं कवच आणि आत पाण्यानं धुतला जाणारा रंग. मार्करमधून (खेळणारे बंदूक म्हणत नाहीत) सुटताना तिचा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. बरीच मैदानं तो त्याहून कमीच ठेवतात. ३०० फूट धरले तरी ऊर्जा येते साधारण १२ ज्यूल. गल्लीत ताशी ७५ किलोमीटरनं आलेला टेनिस बॉल मांडीवर बसला, तर त्याचीही ऊर्जा जवळपास एवढीच असते. तो आपण सगळ्यांनी खाल्लेला आहे, आणि खाऊन पुढचा बॉलही खेळलेलो आहोत.

फरक जागेचा आहे. टेनिस बॉल दबतो आणि मोठ्या जागेवर आदळतो. इथे सगळा मार एका नाण्याहून लहान जागेत बसतो. म्हणून तो खोल जात नाही, पण वरच्यावर सणसणीत लागतो. उलट गोळी हलकी असल्यानं हवेत तिचा वेग झपाट्यानं उतरतो. दुरून आलेली गोळी आणि पाच पावलांवरून आलेली गोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंगावर फुटलेली गोळी त्यातल्या त्यात बरी, कारण थोडी ऊर्जा कवच फुटण्यात आणि रंग उडण्यात जाते. न फुटता उसळून परत गेली, तर ती जास्त लागते.

पण दुखणं ज्यूलमध्ये कळत नाही. त्यासाठी घरातलेच शब्द बरे. ठणका, कळ, सणक, चटका, झोंबणं, हुळहुळणं, हे सगळे वेगवेगळे प्रकार आहेत. पेंटबॉलचा पहिल्या क्षणाला चटका बसतो, ओल्या टॉवेलचा फटका बसावा तसा. मग मिनिटभर झोंबतं. संध्याकाळी आंघोळीच्या वेळी ती जागा हुळहुळते. ठणका सहसा लागत नाही. दुसऱ्या दिवशी गोल डाग दिसतो आणि आठवडाभरात पिवळा पडून जातो. पळापळीच्या भरात तर काही गोळ्या रंग दिसल्यावरच कळतात.

हे कमी करता येतं. सैल, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, शक्यतो दोन थरांत. घट्ट टी-शर्ट नको. गळ्याला रुमाल गुंडाळा आणि हातमोजे घाला, कारण बोटांवर आणि मानेवर जास्त लागतं. लहान, ०.५० इंची गोळी वापरणारी मैदानंही असतात. तिचा मार बराच हलका असतो, पहिल्या वेळेला तीच बरी. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा गरोदरपण असेल, तर खेळूच नका. आणि मैदानावर असेपर्यंत मास्क काढायचा नाही. काच धुरकटली, घाम आला, खेळ संपल्यासारखा वाटला, तरीही नाही. कातडीवरचा डाग जातो, डोळ्याला लागलं तर दृष्टी जाऊ शकते.

एवढं सांगूनही भीती उरते, कारण ती बऱ्याचदा दुखण्याची नसतेच. आमच्या ऑफिसची सहल ठरली तेव्हा ग्रुपवर शौर्यकथांचा पूर आला होता. टीममध्ये नव्यानं आलेल्या एका मुलीनं मला वेगळा मेसेज केला. "दादा, खरं सांग. मला थोडं लागलं तरी पटकन रडू येतं. सगळ्यांसमोर." तिला मी वरचं सगळं सांगितलं. शिवाय सांगितलं, की गोळी लागली की हात वर करून बाहेर यायचं, कुणी काही विचारत नाही. मास्कमध्ये डोळ्यांतलं पाणी लांबून दिसत नाही. आणि आलीस पण खेळली नाहीस, तरी आपण दोघं बाहेर बसून चहा घेऊ. ती दोन डाव खेळली, पोटरीवर एक गोळी खाल्ली आणि तिसऱ्या डावाला स्वतःहून बाहेर बसली. किती लागलं विचारल्यावर म्हणाली, "तू सांगितलंस तेवढं." धीर देण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. दुखणं किती ते नेमकं सांगायचं आणि नाही म्हणायची वाट खरोखर उघडी ठेवायची.

हा खेळ पहिल्यांदा खेळला गेला २७ जून १९८१ रोजी, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, हेनिकर गावाजवळच्या जंगलात. बारा जण होते आणि हातात झाडांवर, गुरांवर खुणा करायची रंगाची पिस्तुलं. शहरात तगलेला माणूस जंगलात तगेल का, या वादातून तो डाव मांडला गेला होता. जिंकला रिची व्हाइट नावाचा, जंगलातच काम करणारा माणूस. एकही गोळी न झाडता, झाडांआडून चालत त्यानं झेंडे गोळा केले.

तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्यानं खुशाल झाडामागे बसावं. लपणं नियमात बसतं. मास्क काढणं बसत नाही.